बिनस्क्रूचा टब

जरा जपून, मित्रांनो! त्या कडेला बोट लावू नका. करवतीने कापलेली कड आहे ती, अजून धार गेलेली नाही. हां, तिथेच उभे राहा. आत डोकवायचं असेल तर खुशाल डोकवा, पण एकेक करून. दार उघडायची खटपट नको, कारण मला दारच नाही. दाराच्या जागी नुसतं गोल भोक आहे. ते दार कुठे गेलं, तेही सांगणार आहे.

कारखाना बघायला आलो आणि पहिल्याच दालनात हे काय भंगार मांडून ठेवलंय, असं तुमच्यातल्या निम्म्यांना वाटलं असणार. वाटू दे. मी आहेच तशी. कपडे धुण्याची एक जुनी मशीन, कापलेली, अर्धीअधिक रिकामी झालेली. पण याच कारखान्यात माझा जन्म झाला, इथूनच मी बाहेर पडले आणि इथेच परत आले. बाहेर पडणाऱ्या पुष्कळ असतात, मित्रांनो. परत येणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

त्या भिंतीपलीकडे मोठी शेड आहे. तिथे मला घडवलं. अंगावर पांढरा पत्रा, आत चकचकीत स्टीलचा ड्रम, ड्रमभोवती पाणी धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा टब, पाठीशी मोटर आणि पोटात सिमेंटचा जड ठोकळा. हसताय काय? खरंच सिमेंटचा! तो नसता तर कपडे पिळताना मी घरभर नाचत सुटले असते. आणि समोर काचेचं गोल दार. त्या काचेतूनच मी पुढे सगळं जग पाहिलं.

आता टबाकडे नीट बघा, कारण माझी सगळी कथा त्या टबात आहे. माझ्याआधीच्या मशीनचे टब दोन अर्ध्या भागांचे असत. ते तोंडाला तोंड लावून ठेवायचे, मध्ये रबराची रिंग घालायची आणि कडेने स्क्रू आवळायचे. मोठं किचकट काम. एखादा स्क्रू ढिला राहिला की गिऱ्हाइकाच्या घरात पाणीच पाणी, आणि मग कारखान्याच्या नावाने शिमगा. हे टाळायला एका बाईंनी डोकं लढवलं. टबाचे आराखडे काढायचं काम त्यांचं, म्हणून सगळे त्यांना टबवाल्या मॅडम म्हणत. तेव्हा त्या तरुण होत्या, भरभर चालायच्या, भरभर बोलायच्या. त्यांनी स्क्रू काढूनच टाकले. दोन्ही कडा तापवायच्या, एकमेकींवर दाबायच्या, की प्लॅस्टिक वितळून एकजीव. रिंग नको, स्क्रू नको, गळती नको.

असा पहिला टब तयार झाला तेव्हा सगळी शेड गोळा झाली होती. मॅडमनी त्यात पाणी भरलं, पुढचं भोक बंद करून हलवला, उलटा केला. एक थेंब सांडला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. फाटकाजवळच्या फळ्यावर मॅडमचा फोटो लागला, खाली लिहिलं होतं, ‘बिनस्क्रूचा टब’. तो पहिला टब माझ्याच पोटात बसवला. मला गाडीत चढवताना मॅडमनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, “जा बाई, नाव काढ आमचं!” मी तर हवेतच होते. इतक्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण हा टब उघडायचा कसा, असं कुणीच विचारलं नाही. कशाला विचारतील? फाटक ओलांडलं की आमचं आणि कारखान्याचं नातं संपायचं. पुढे आमचं काय होतं, हे बघायला मागे वळून कुणी येत नसे.

मी गेले ती एका पाळणाघरात. रस्त्याला लागून तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे एक चिंचोळी गॅलरी, भिंतीला मुलांच्या हाताचे ठसे. दोघी बायका ते पाळणाघर चालवत. एकीला सगळी मुलं आत्या म्हणत, म्हणून मीही आत्याच म्हणते. दुसरी तिची वहिनी. आत्याचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, अवेळी गेला. मागे या दोघीच उरल्या आणि दोघींनी मिळून हे काम सुरू केलं. लोक म्हणायचे नणंद-भावजयीचं कधी पटायचं नाही. पटायचं कसलं, दिवसभर चालूच असायचं! “वन्सं, दूध उतू गेलं बघा!” “मग मी काय दोन्ही हातांनी बाळं धरून तिसऱ्या हाताने गॅस बंद करू?” असं सकाळी सुरू झालं की संध्याकाळपर्यंत. पण एकीला ताप आला तर दुसरीच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

तिथे मी जीव तोडून काम केलं, हे मी अभिमानाने सांगते. पाळणाघर म्हणजे काय गंमत वाटली? लंगोट, दुपटी, चादरी, लाळेरी, सांडलेलं दूध पुसलेली फडकी. सकाळी पोटात ढीग घ्यायचा, दुपारी स्वच्छ करून द्यायचा, की दुसरा ढीग हजर. आत्या कपडे काढताना माझ्या डोक्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, “ही आहे म्हणून आपण आहोत गं वहिनी.” काही तान्ही बाळं तर माझ्या गुरगुरण्याशिवाय झोपतच नसत. किरकिर करणारं बाळ असलं की वहिनी त्याला घेऊन माझ्याशेजारी येऊन बसे. मी हळूहळू गुरगुरायची, बाळ हळूहळू डोळे मिटायचं.

पुष्कळ वर्षांनी तिथे एक मुलगी आली, गोबऱ्या गालांची, सगळे तिला ठमी म्हणत. तिचा एक कापडी ससा होता. तो धुवायला टाकला की ठमी माझ्या दारासमोर फतकल मारून बसायची. काचेला नाक लावायची, आत गरगर फिरणाऱ्या सशाला हात करायची. ससा बाहेर येईपर्यंत तिथून हलायची नाही. एकदा ससा लवकर येईना म्हणून चिडून तिने हातातला चमचा काचेवर ओढला. काचेवर चंद्रकोरीसारखा ओरखडा उमटला, तो कायमचा. आत्याने डोळे वटारले, पण मला काही राग आला नाही. त्या ओरखड्यातून मला ठमी जरा वाकडी दिसायची, एवढंच.

पाळणाघरात आत्याचा एक नियम होता, तो तिने कधी मोडला नाही. सकाळी ज्याने मूल आणून सोडलं, संध्याकाळी त्याच्याच हातात ते द्यायचं. शेजारीण आली, ओळखीचा कुणी आला, तरी नाही. एकदा एका मुलाचे सख्खे काका न्यायला आले. आत्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, मूल दिलं नाही. “राग मानू नका,” ती म्हणाली, “पण तुम्ही सोडलं नाहीत, तुमच्या हाती देणार नाही.” आणि मूल देताना नुसतं नाही द्यायची. तोंड पुसायची, केस सारखे करायची, बटणं लावायची आणि मग आईच्या कडेवर ठेवायची. संध्याकाळी ती गडबड बघायला मला फार आवडायचं. एकही मूल कधी मागे राहिलं नाही. उशीर झाला तरी न्यायला कुणी ना कुणी यायचंच.

बरीच वर्षं अशी गेली. ठमी मोठी होऊन शाळेत गेली, तिची धाकटी बहीण पाळणाघरात आली. तिचं नाव धाकटी ठमीच पडलं. आणि मग माझ्या पाठीत खरखर सुरू झाली.

ड्रम ज्याच्यावर फिरतो ना, ते बेअरिंग. मुठीत मावेल एवढीशी वस्तू. त्याच्यापुढची रबराची चकती झिजली, पाणी झिरपलं आणि ते गंजलं. आधी नुसती खरखर, मग घरघर, मग असा धडधडाट की झोपलेली मुलं दचकून रडू लागली. मला इतकी लाज वाटायची म्हणून सांगू! ज्यांना मी झोपवलं, त्यांनाच मी उठवत होते.

दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी माझा मागचा पत्रा काढला, बॅटरी मारून बराच वेळ आत बघितलं आणि मग जमिनीवर बसूनच राहिले.

“काय झालंय?” आत्याने विचारलं.

“बेअरिंग गेलंय ताई.”

“मग बदला की!”

“बदलतो हो, पण तिथवर हात कसा पोचवू? टबाला उघडायला जागाच नाही. सगळीकडून बंद.”

वहिनी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “अहो, आम्ही साधा डबा घेतला तरी झाकण लागतं का, निघतं का, बघून घेतो. एवढी मोठी वस्तू बनवली आणि झाकण ठेवायचं विसरले?” काका नुसतेच हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. कारखान्याला फोन केला तर उत्तर आलं की टब आणि ड्रम पूर्णच बदलावे लागतील, आणि या मॉडेलचे ते आता बनत नाहीत. मुठीएवढ्या वस्तूपायी मी आख्खी बाद झाले. माझी मोटर धडधाकट होती, ड्रम चकचकीत होता, अंगावर गंजाचा ठिपका नव्हता. पण टबाला तोंड नव्हतं, त्याला कोण काय करणार?

मला ओढून गॅलरीत ठेवलं. माझ्या डोक्यावर खेळण्यांची टोपली आली. तिथून मी काचेतून बघत राहायची. आत्या रोज बादल्या भरायची आणि सगळे कपडे हाताने धुवायची. साबणाने तिच्या बोटांच्या बेचक्या फाटल्या. तान्ह्या बाळाला उचललं की ती खरखरीत बोटं त्याला टोचायची आणि ते रडायचं. मग आत्या त्याला वहिनीकडे द्यायची आणि तोंड फिरवायची. चादरी नीट पिळल्या जायच्या नाहीत, वाळायच्या नाहीत, कुबट वास यायचा. आईबापांची नाकं आधी मुरडली, मग एकेकाने मूल दुसरीकडे घातलं. मशीन नाही तर पाळणाघर नाही, आणि पाळणाघर नाही तर या दोघींनी खायचं काय? नवी घेण्याची ऐपत नव्हती. मला सगळं कळत होतं, मित्रांनो, पण नुसतं कळून काय उपयोग?

एक दिवस टेम्पो घेऊन भंगारवाला आला. मला वाकून बघितलं, पत्र्यावर टिचकी मारली.

“नेऊन काय करणार तिचं?” आत्याने सहज विचारलं.

तो माणूस सरळ होता, त्याने लपवलं नाही. “मोटरचं तांबं निघतं. पत्रा भट्टीला जातो. ड्रम चांगला असतो, पण या मॉडेलचा टब काही केल्या उघडत नाही. मग नाल्याकाठी नेतो आणि पेटवतो. प्लॅस्टिक जळून गेलं की आतलं स्टील मोकळं.”

आत्याने खिडकीकडे बघितलं. रोज संध्याकाळी नाल्याच्या बाजूने काळा, घशात बसणारा धूर यायचा. आला की वहिनी धावत खिडक्या लावायची. तरीही मुलं खोकायची. धाकट्या ठमीची तर छाती शिट्टी वाजल्यासारखी वाजायची. त्या दोघींना वाटायचं, कुणी कचरा जाळतं.

“म्हणजे तो धूर तुमचा?”

“हौस नाही ताई मला,” तो म्हणाला आणि बोलता बोलता त्यालाच खोकल्याची उबळ आली. “माझाही दम जातो. पण उघडतच नाही, तर करणार काय?”

त्या क्षणी मला काय वाटलं, कसं सांगू? मी ज्या मुलांची दुपटी धुतली, ज्यांना गुरगुरून झोपवलं, त्यांच्याच छातीत मी धूर होऊन शिरणार होते. माझ्या कितीतरी बहिणी तशा शिरल्याही होत्या. इतकं काम केलं, इतकं प्रेम मिळालं आणि शेवट हा? नको गं बाई, असं मी आतल्या आत ओरडले. ते आत्याला ऐकू आलं नसेल. पण तिने टेम्पोच्या दिशेने हात हलवला आणि म्हणाली, “नाही देणार.”

त्यानंतर काही महिन्यांनी वहिनी वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत आली. नवा नियम झाला होता. ज्या कारखान्याने वस्तू बनवली, ती निकामी झाल्यावर परत नेऊन तिची नीट व्यवस्था लावायची जबाबदारीही त्याच कारखान्याची. आत्याने दोनदा वाचायला लावलं. मग वहिनीच म्हणाली, “वन्सं, आपल्यासारखंच की हे! दिवसभर मूल कुणाकडेही असो, संध्याकाळी ज्याचं त्यानेच न्यायचं.”

“मग इतकी वर्षं कुणी न्यायला का आलं नाही?” आत्या म्हणाली, आणि तिने फोन लावला.

फोनवर पलीकडचा माणूस मोठा गोड बोलला. गाडी पाठवतो म्हणाला. शिवाय जुनी मशीन परत दिली की नवी जवळजवळ निम्म्या भावात मिळेल, असंही सांगितलं. वहिनीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. तिने माझ्यावरची खेळण्यांची टोपली उतरवली. मीही खूश होते. घरी जायला मिळणार होतं, आणि आत्याच्या हातांचेही हाल संपणार होते.

गाडी आली. पुढच्या काचेवर कारखान्याच्या नावाचा कोरा करकरीत कागद चिकटवलेला. आणि गाडीतून कोण उतरावं? तोच भंगारवाला!

“तुम्ही?” आत्या बघतच राहिली.

“मीच ताई.” बिचारा ओशाळला. “कारखान्याने ठेका एकाला दिला, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने मला. नेली की त्यांना पावती मिळते, विल्हेवाट लागली म्हणून.”

“आणि नेणार कुठे?”

तो नाल्याच्या दिशेला बघत राहिला.

आता बघा हं, मित्रांनो. मला देऊन टाकलं असतं तर महिनाभरात दारात नवी मशीन आली असती. गेलेली मुलं परत आली असती. कुणी आत्याला नावं ठेवली नसती, पावती तर सगळ्यांच्या हातात आली असतीच. वहिनीने तिचा हात धरला, त्या फाटलेल्या बोटांकडे बघितलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “वन्सं, द्या हो. हात बघा तुमचे. आपण काय जगाचा मक्ता घेतलाय?” आतल्या खोलीत धाकटी ठमी खोकत होती. आत्या माझ्या डोक्यावर हात ठेवून त्या माणसाला म्हणाली, “राग मानू नका. तुम्ही बनवली नाहीत, तुमच्या हाती देणार नाही. ज्यांनी बनवली त्यांना सांगा, या म्हणावं न्यायला.”

टेम्पो रिकामा गेला. वहिनी त्या दिवशी जेवली नाही. आत्या बादली घेऊन धुवायला बसली आणि मी गॅलरीतून तिच्या पाठीकडे बघत राहिले. तिला माझ्यापायी एवढं सोसावं लागतंय, याचं मला फार वाईट वाटत होतं.

आत्या रोज कारखान्याला फोन करायची. गोड बोलणारा माणूस हळूहळू कमी गोड बोलू लागला. शेवटी एके दिवशी दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. केस पिकलेले, चाल सावकाश. त्यांनी चप्पल काढली, सरळ गॅलरीत आल्या आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. मागच्या उघड्या पत्र्यातून हात घालून त्यांनी टबाची कड चाचपली. त्या स्पर्शाने मी ओळखलं. टबवाल्या मॅडम!

“तुम्ही बनवलीत ही?” आत्याने विचारलं.

“टब मी बनवला.”

“मग उघडून दाखवा.”

मॅडमचा हात टबाच्या कडेवरच राहिला. इतक्यात धूर आला. वहिनी खिडक्या लावायला धावली, आतून मुलांचा खोकला सुरू झाला. मॅडम उठून आत गेल्या. धाकटी ठमी वहिनीच्या खांद्यावर मान टाकून धापा टाकत होती. मॅडमनी विचारलं, हे काय जळतंय? आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “हिच्या बहिणी.”

मॅडमचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, “मला न्यायला द्या. मी स्वतः उघडते, दुरुस्त करते आणि परत आणून देते.”

आत्याने कोरडं फडकं घेतलं. माझी काच पुसली, अंगावरची धूळ पुसली, वायर नीट गुंडाळून बांधली. जशी ती मुलांची बटणं लावायची, अगदी तशी. मग म्हणाली, “घ्या. जाळू मात्र नका.” मित्रांनो, त्या घरातून संध्याकाळी कितीतरी मुलांना आईच्या कडेवर जाताना मी बघितलं होतं. त्या दिवशी माझी पाळी आली.

कारखान्यात आल्यावर मोठे साहेब मॅडमना म्हणाले, “तुम्ही कशाला हे हातात घेता? ठेका दिलाय ना आपण.” मॅडम म्हणाल्या, “मी जोडलंय, मीच सोडवणार.” त्यांनी बाह्या सरसावल्या. आधी कड तापवून बघितली. प्लॅस्टिक वितळून आणखी घट्ट बसलं. पाचर ठोकून बघितली, तडे गेले पण सांधा सुटला नाही. कसा सुटेल? त्यांनीच इतका चांगला जोडला होता! शेवटी करवत घेतली. मला दुखलं नाही, पण तो आवाज मात्र अजून कानात आहे.

टबाचे दोन भाग झाले. बेअरिंग निघालं, नवं बसलं, सगळे खूश. आता दोन भाग पुन्हा जोडायचे. मॅडमनी कडेने भोकं पाडली, स्क्रू घातले, रबराची रिंग घातली, पाणी भरलं. गळालं! रिंग बदलली, पुन्हा भरलं. पुन्हा गळालं. घट्ट आवळलं तर ड्रम टबाला घासू लागला. मॅडम बघत राहिल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. करवतीने नुसतं कापलं नव्हतं, आपल्या पात्याच्या जाडीएवढं प्लॅस्टिक भुगा करून खाऊन टाकलं होतं. तेवढी जागा कमी पडत होती. जाड रिंग घातली तर टब डुगडुगायचा, पातळ घातली तर ड्रम घासायचा. किती दिवस त्या खटपट करत होत्या! शेवटी त्यांनी पाना खाली ठेवला आणि खाली पडलेला भुगा हाताने गोळा करू लागल्या. उगाचच. तो परत थोडाच चिकटणार होता? मग साहेबांना बोलावून म्हणाल्या, “ही दुरुस्ती मला इथे जमणार नाही. ती कागदावर रेघ ओढताना करायला हवी होती.”

“असे किती टब बाहेर आहेत?” साहेबांनी विचारलं.

“आपण विकले तेवढे.”

साहेब खुर्ची ओढून बसले.

त्यानंतर नवा टब आला. दोन भागांचा, चांगल्या रिंगेचा आणि हो, स्क्रूचा! बघा, शेजारच्या टेबलावर ठेवलाय, पाना घेऊन तुम्हीसुद्धा उघडू शकाल. ठेका रद्द झाला, कारखान्याच्याच गाड्या आम्हाला न्यायला जाऊ लागल्या. आणि शेडमध्ये रीतच पडली की परत आलेली मशीन ज्याने जो भाग जोडला त्यानेच सोडवायची. वायरवाल्यांनी वायरी, मोटरवाल्यांनी मोटर. सुरुवातीला सगळे कुरकुरले. मग आराखडा काढतानाच एकमेकांना विचारू लागले, अरे, हे उद्या मलाच उघडायचंय, जरा सोपं ठेव.

पण मी काही परत जाणार नव्हते. मॅडमनी आत्याला दिलेला शब्द माझ्या बाबतीत मोडला होता. त्यांनी माझी मोटर काढली, ड्रम काढला, पाण्याचा पंप काढला, सगळ्यात शेवटी दार काढलं. नव्या टबाभोवती ते सगळं बसवून एक मशीन उभी केली आणि ती घेऊन त्या स्वतः पाळणाघरात गेल्या. काय झालं ते त्यांनी परत आल्यावर इथे, माझ्यासमोर उभं राहून शेडमधल्या लोकांना सांगितलं, म्हणून मला कळलं.

आत्याने दार उघडलं, मशीनकडे बघितलं आणि विचारलं, “आमची कुठाय?”

मॅडमनी सगळं खरं सांगितलं. उघडली, पण कापावी लागली. जोडता आली नाही. मग त्यांनी आत्याचा हात धरून काचेच्या दारावर ठेवला. तिथे चमच्याचा तो ओरखडा होता. आत्याने त्याच्यावरून फाटलेलं बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली.

“उरलेली जाळली नाहीत ना?” तिने एवढंच विचारलं.

“नाही,” मॅडम म्हणाल्या.

मग आत्याने वहिनीला हाक मारली आणि दुपट्यांचा पहिला ढीग मशीनमध्ये टाकला. मोटर गुरगुरली. खोलीतलं एक रडणारं बाळ गप्प झालं, असं मॅडम सांगत होत्या. मी इथे रिकामी उभी होते, तरी मला ती गुरगुर अगदी स्पष्ट आठवली.

नाल्याकाठचा धूर थांबला, असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या किती वस्तू, किती कारखान्यांच्या, अजून तिथे जळतात. धाकटी ठमी अजून खोकते, असंही ऐकते. आणि माझ्यासारख्या बिनस्क्रूच्या टबाच्या बहिणी अजून कितीतरी घरांत इमानाने कपडे धुताहेत. त्यांच्या पाठीत आज ना उद्या खरखर सुरू होणार आहे.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या घरी एखादी वस्तू आली की तिचा रंग बघा, जरूर बघा, पण ती उघडते कुठून तेही बघा. दुकानदाराला विचारा, ही थकली की हिला न्यायला कोण येणार? तो हसेल, तरी विचारा. आणि तुमच्यातलं कुणी मोठेपणी काही बनवायला लागलंच, तर टाळ्या पडण्याआधी हे एकदा स्वतःलाही विचारा.

तो आवाज ऐकलात? पलीकडच्या शेडमधून येतोय तो? करवत आहे ती. मॅडमच असणार. त्यांना आता निवृत्त व्हायला सांगतात, पण त्या ऐकत नाहीत. आज सकाळी माझी आणखी एक बहीण परत आली. तिला आणायला त्या स्वतः गेल्या होत्या.